चेतातंतूच्या टोकावरची देखभाल



‘डीएनएजेसी५’ हे काही व्याख्यानाला गर्दी खेचणारं नाव नव्हे. संयोजकांनी मला दोनदा विचारलं, पत्रिकेवर हेच छापायचं का? ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर जन्मभर जीवशास्त्र शिकवत आले. निदान या सभागृहात तरी ते नाव खपून जाईल, असं धरून मी ‘हो’ म्हटलं.

हे एका मानवी जनुकाचं नाव आहे. ते आपल्या विसाव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ असतं. त्याच्यावरून १९८ अमिनो आम्लांचं एक लहानसं प्रथिन तयार होतं. या प्रथिनाच्या मधल्या भागात सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल जवळजवळ सलग, डझनाहून अधिक वेळा येतं. म्हणून त्याला सिस्टीन स्ट्रिंग प्रोटीन, थोडक्यात सीएसपी म्हणतात. जनुक म्हटलं की ‘याने काय घडतं?’ असा प्रश्न आपल्या तोंडी पटकन येतो. डोळ्याचा रंग, रक्तगट, उंची. सीएसपीला तो प्रश्न लागू पडत नाही. उंदरात हे जनुक पूर्ण काढून टाकलं तरी मेंदू तयार होतो, चेतापेशींची जोडणी होते, संदेशही वाहू लागतात. पुढे काही आठवड्यांनी सगळं ढासळायला लागतं, आणि जिथे काम सर्वांत जास्त तिथे आधी. घडलेलं टिकवणं हेसुद्धा जनुकाचं काम असू शकतं, हे मला आज या एका उदाहरणावरून सांगायचं आहे.

सुरुवात माश्यांपासून करू. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात त्या बारक्या फळमाश्या, ड्रॉसोफिला. १९७०च्या दशकात काही शास्त्रज्ञ या माश्यांमध्ये एक चमत्कारिक दोष शोधत होते. नेहमीच्या तापमानाला माशी ठणठणीत, पण बाटली थोडी गरम केली की लुळी होऊन तळाशी पडते आणि गार केली की पुन्हा उडू लागते. अशा माश्यांच्या चेतासंस्थेत नेमकं काय अडतं, यावरचा एक महत्त्वाचा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. तो दोघांचा होता. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकचे सीमूर बेंझर, आणि आपल्या मुंबईच्या टीआयएफआरचे ओबेद सिद्दिकी. १९६२ साली कुलाब्याला रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला तो याच सिद्दिकींनी. त्यांच्या माश्यांमधल्या एका जातीला ‘कोमॅटोज’ नाव पडलं, कारण ती गार केल्यावरही लवकर उठत नसे. हे नाव लक्षात ठेवा. त्या माशीत बिघडलेलं प्रथिन आज आपल्याला पुढे लागणार आहे. टीआयएफआरमध्ये के. एस. कृष्णन यांनी हीच वाट पुढे नेली. उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या माश्यांवरून चेतासंधीतल्या (म्हणजे एक चेतापेशी दुसऱ्या पेशीला जिथे भेटते तिथल्या) पुटिका, संदेशवाहक रसायनाच्या त्या इवल्या पिशव्या, पुन्हा कशा भरल्या जातात, याचा छडा लावण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

आता उष्णतेने माशी लुळी का पडते? त्यासाठी प्रथिनाची घडी समजून घ्यावी लागते. प्रथिन तयार होतं ते सरळ साखळीच्या रूपात. साखळी म्हणून ते काहीच कामाचं नसतं. ती विशिष्ट पद्धतीने दुमडली, घडी नीट बसली, की मग तिला काम जमतं. ख्रिश्चन अन्फिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाचं १२४ अमिनो आम्लांचं प्रथिन घेतलं आणि रसायनं वापरून त्याची घडी पूर्ण मोडली. रसायनं काढून घेतल्यावर ते आपल्या आपण पूर्ववत दुमडलं. घडी कशी असावी याची सगळी माहिती त्या साखळीतच असते, हा त्याचा अर्थ. १९७२चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. पण परीक्षानळीत एकटं प्रथिन असतं आणि पेशीत प्रथिनांची खच्चून गर्दी असते. अर्धवट दुमडलेली साखळी शेजारणीला चिकटली की गोळा होतो. म्हणून पेशीत घडी सांभाळणारी वेगळी प्रथिनं असतात. त्यांना शॅपरॉन म्हणतात.

शॅपरॉनांचा मागही फळमाशीतच लागला, आणि तोही अपघाताने. १९६०च्या सुमारास इटलीत फेरुचो रिटोसा माशीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं पाहत होते. कुणीतरी इन्क्युबेटरचं तापमान चुकून वाढवलं आणि गुणसूत्रांवर एरवी न दिसणारे फुगवटे उमटले. उष्णता लागताच काही जनुकं धडाक्याने कामाला लागली होती. एका मान्यवर नियतकालिकाने त्यांचा निबंध परत पाठवला. विषय महत्त्वाचा वाटत नाही, असा साधारण सूर होता. १९६२ साली तो दुसरीकडे छापून आला. त्या जनुकांपासून बनणारी ‘हीट शॉक’ प्रथिनं म्हणजे बरीचशी शॅपरॉनच निघाली. उष्णतेने घड्या सुटतात, म्हणून घड्या सांभाळणारे वाढवायचे, असा पेशीचा सरळ हिशेब. परत पाठवलेल्या निबंधांचा एक संग्रह कुणीतरी काढायला हवा. विज्ञानाचा इतिहास त्यातून जास्त खरा कळेल.

या शॅपरॉन घराण्यातलं एक मोठं नाव एचएससी७०. पेशीत ते मुबलक असतं आणि जवळजवळ सर्वत्र असतं. पण कुठे आणि कुणावर काम करायचं हे ते स्वतः ठरवत नाही. त्याला बोलावून आणणारी, कामाला लावणारी दुसरी प्रथिनं असतात. त्यांच्या अंगी ‘जे’ नावाचा एक ठरावीक भाग असतो. आधी तो ई. कोलाय जिवाणूत सापडला. ज्या जिवाणूंत हे जनुक बिघडलेलं असे, त्यांच्यात लॅम्डा नावाचा विषाणू वाढू शकत नसे. त्या जिवाणूतल्या प्रथिनाचं नाव डीएनएजे, आणि आपल्या जनुकाचं ‘डीएनएजेसी५’ हे नाव तिथून आलं. माणसात अशी चाळीसहून अधिक ‘जे’ प्रथिनं आहेत. प्रत्येकाची जागा वेगळी. सीएसपीची जागा आहे चेतासंधीतली पुटिका.

हे कळलं ते जर्मनीतल्या वुर्झबुर्गला. (तिथला आनुवंशिकीचा विभाग मार्टिन हायझेनबर्ग यांचा. हो, अनिश्चिततेच्या तत्त्वाच्या हायझेनबर्गांचे चिरंजीव. त्यांनी मात्र आयुष्य माशीच्या मेंदूवर घालवलं.) तिथे एरिक बुखनर आणि कॉनराड त्सिन्समायर यांच्याकडे माशीच्या मेंदूविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांचा मोठा साठा होता. त्यातलं एक प्रतिपिंड माशीच्या मेंदूत जिथे जिथे चेतासंधी दाट, तिथे तिथे चिकटायचं. ते ज्या प्रथिनाला चिकटतं त्याचा शोध घेतला, आणि १९९० साली सीएसपीचं वर्णन प्रसिद्ध झालं. १९९४ साली त्यांनी हे जनुकच नसलेल्या माश्या तयार केल्या. त्यातल्या फार थोड्या प्रौढ झाल्या. ज्या झाल्या त्या सुस्त, अडखळत चालणाऱ्या, आणि गरम केल्यावर लुळ्या पडणाऱ्या.

इथे जरा थांबू, कारण या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या इतर बहुतेक माश्यांचं स्पष्टीकरण सोपं असतं. त्यांच्यातलं एखादं प्रथिन किंचित बदललेलं असतं, गारव्यात त्याची घडी कशीबशी टिकते, उष्णतेत सुटते. सीएसपी नसलेल्या माशीत मात्र ते प्रथिन मुळात नाहीच. जे नाही त्याची घडी उष्णतेने सुटणार कशी? मग उष्णतेने बिघडतंय ते दुसरंच काहीतरी, आणि सीएसपी असताना ते सांभाळलं जात होतं. त्या माश्यांच्या अळ्यांमध्ये चेता आणि स्नायू जिथे भेटतात तिथे विद्युत संदेश मोजले गेले. २२ अंशांना संदेश साधारण निम्म्यावर आलेला होता, ३० अंशांच्या आसपास तो थांबायचा, आणि गार केल्यावर परत यायचा. एका प्रथिनाच्या अभावाने दुसरं प्रथिन नाजूक होतं, याचा हा पुरावा. पण ते दुसरं कोणतं, हे कळायला आणखी १७ वर्षं लागली.

मधल्या काळात एक आडवाट झाली, तीही सांगायला हवी. लॉस एंजेलिसमध्ये कॅमेरॉन गंडरसन आणि जॉय उंबाख विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशावर काम करत होते. त्याचा वीज निर्माण करणारा अवयव म्हणजे चेतासंधींचं कोठारच. त्यांना हवं होतं कॅल्शियमचं दार, म्हणजे संदेश आल्यावर चेतातंतूच्या टोकात कॅल्शियम आत सोडणारं प्रथिन. बेडकाच्या अंड्यात प्रयोग करून त्यांनी त्याचा एक घटक शोधला असं त्यांना वाटलं आणि १९९२ साली ते प्रसिद्ध केलं. ते होतं सीएसपी. दोनच वर्षांत दिसलं की ते पडद्यावरच्या दाराशी नसून आतल्या पुटिकांवर बसलेलं असतं. सिस्टीनच्या त्या ओळीला पामिटिक हे स्निग्धाम्ल अनेक ठिकाणी जोडलं जातं आणि त्याच्या आधाराने सीएसपी पुटिकेला घट्ट धरून राहतं. १९९६मध्ये ते एचएससी७०ला कामाला लावतं हेही सिद्ध झालं.

पुटिकेवरच का? चेतापेशीचा आकार आठवा. पाठीच्या कण्यातून पायाच्या बोटाकडे जाणारा तंतू सुमारे एक मीटर लांबीचा असतो. नवी प्रथिनं मुख्यतः पेशीच्या मुख्य भागात तयार होतात. पुटिकांच्या जलद वाहतुकीने त्यांना टोकाला पोचायला दोन-तीन दिवस लागतात. विरघळलेल्या स्थितीत सावकाश जाणाऱ्या प्रथिनांचा वेग दिवसाला काही मिलिमीटर, म्हणजे तेवढ्याच अंतराला महिनेच्या महिने. टोकाशी मात्र एका सेकंदात पुष्कळ पुटिका फुटू शकतात. बिघडलेलं प्रथिन बदलायला मुख्यालयातून नवं येईपर्यंत थांबून चालणार नाही. दुरुस्ती जागेवरच व्हायला हवी. मुंबईच्या लोकलच्या रुळांवर हातोडा घेऊन चालणारा गँगमन असतो ना, सीएसपीचं तसं आहे. पुटिका जिथे जाईल तिथे तो सोबतच असतो. उंदराच्या मेंदूतल्या एका पुटिकेवर कोणकोणती प्रथिनं किती, याची मोजणी २००६ साली झाली. सिनॅप्टोब्रेविनच्या सुमारे ७० प्रती, सीएसपीच्या जेमतेम तीन.

तीन प्रती काय सांभाळतात? आता संदेश प्रत्यक्ष कसा जातो ते पाहू. पुटिका साधारण ४० नॅनोमीटर व्यासाची असते आणि तिच्यात रासायनिक संदेशवाहक भरलेला असतो. तिच्यावर सिनॅप्टोब्रेविन असतं. समोरच्या पडद्यावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५ नावाची दोन प्रथिनं असतात. ही तिघं एकमेकांभोवती पीळ घेतात. पीळ घट्ट होत जातो तशी पुटिका पडद्याशी ओढली जाते, आणि कॅल्शियम आत आल्यावर एक सहस्रांश सेकंदाच्या आत पुटिका आणि पडदा एक होऊन संदेशवाहक बाहेर पडतो. याचा पुरावा क्रूर आहे. धनुर्वाताचं विष यातलं सिनॅप्टोब्रेविन कापतं आणि बोटुलिनमच्या विषाचा एक प्रकार स्नॅप-२५ कापतो. त्या दुसऱ्याच विषाची अगदी कमी मात्रा सुरकुत्या घालवायला टोचून घेतात.

संदेश गेल्यावर पीळ सोडवावा लागतो, नाहीतर ती तिन्ही प्रथिनं पुन्हा वापरता येत नाहीत. पीळ सोडवणारं प्रथिन एनएसएफ, आणि सिद्दिकी-बेंझर यांच्या ‘कोमॅटोज’ माशीत बिघडलेलं होतं ते हेच. हे उघड व्हायला १९९५ साल उजाडलं. पीळ सुटला की स्नॅप-२५ मोकळं पडतं, आणि एकटं असताना त्याला स्वतःचा पक्का आकारच नसतो. अशी सैल साखळी कशालाही चिकटू शकते किंवा पेशीच्या मोडतोड यंत्रणेच्या तावडीत सापडते. २०११ साली मनू शर्मा, जॅकलीन बुर्रे आणि थॉमस स्यूडॉफ यांनी दाखवलं की एचएससी७० आणि एसजीटी या सोबत्यांना घेऊन सीएसपी नेमकं स्नॅप-२५ सांभाळतं. सीएसपी नसेल तर स्नॅप-२५ विकृत होतं, कमी पडतं, पीळ पुरेसे बसत नाहीत. स्यूडॉफ यांना २०१३ साली पुटिकांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं, जेम्स रॉथमन आणि रँडी शेकमन यांच्यासह.

आता दोन जनुकांचे दोन वाटे नीट लागले. कोमॅटोजचं प्रथिन पीळ सोडवतं आणि सीएसपी पुढच्या पिळासाठी सुटलेल्याला जपतं. प्रत्येक संदेशासोबत हा फेरा होतो, म्हणजे जितका वापर तितकी सीएसपीची गरज. माश्यांच्या बाटलीत उष्णतेने जे केलं तेच सस्तन प्राण्यात वापर करतो. २००४ साली स्यूडॉफ यांच्याच प्रयोगशाळेत राफाएल फर्नांडेझ-चाकोन आणि सहकाऱ्यांनी हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. पिल्लं जन्मतः इतर पिल्लांसारखीच होती. दोन-तीन आठवड्यांनी चाल बिघडली, अशक्तपणा वाढला, आणि साधारण दोन-तीन महिन्यांत ती दगावली. कानाकडून येणाऱ्या मार्गातली एक मोठी चेतासंधी तपासली तेव्हा पहिल्या दहा-अकरा दिवसांत संदेश निर्दोष होता, पुढच्या दहा दिवसांत बिघडला. सर्वांत आधी कोण गेलं? डोळ्यातल्या प्रकाशग्राही पेशींच्या संधी, ज्या अंधारात अखंड संदेशवाहक सोडत राहतात. आणि मेंदूतल्या काही लगाम घालणाऱ्या पेशी, ज्या फार वेगाने संदेश पाठवतात.

याच उंदरांनी २००५ साली एक धक्का दिला. अल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिन पार्किन्सनच्या आजारात खलनायक म्हणून प्रसिद्ध आहे. रुग्णांच्या मेंदूतल्या गोळ्यांमध्ये तेच भरलेलं असतं. स्यूडॉफ यांच्याकडच्या श्रीगंगा चंद्रा आणि सहकाऱ्यांनी सीएसपी नसलेल्या उंदरांचा संकर जादा अल्फा-सिन्युक्लीन बनवणाऱ्या उंदरांशी केला. दोन दुखणी एकत्र आल्यावर पिल्लं अधिकच खंगतील, असं कुणालाही वाटलं असतं. पिल्लं वाचली. उलट, सीएसपी नसलेल्या उंदरांतलं स्वतःचं सिन्युक्लीन काढलं तेव्हा ऱ्हास वाढला. जादा सिन्युक्लीनने घटलेलं स्नॅप-२५ भरून आलं नाही, पण उरलेल्याचे पीळ बसायला मदत झाली. पार्किन्सनमध्ये जे अपराधी ठरलं ते निरोगी टोकावर कामाला येतं. ‘सिन्युक्लीन काढून टाका म्हणजे आजार बरा’ असं सोपं गणित मांडणाऱ्यांनी हा प्रयोग पुन्हा वाचावा, असं मला वाटतं.

माणसाकडे येऊ. १९२५ साली ह्यूगो कुफ्स यांनी प्रौढ वयात सुरू होणाऱ्या एका मेंदूविकाराचं वर्णन केलं. चेतापेशींत पिवळसर रंगद्रव्य साचत जातं. फिट येतात, स्नायूंना झटके बसतात, हळूहळू स्मृती आणि हालचाल जाते. त्याचा एक प्रकार एका पिढीतून दुसऱ्या पिढीत थेट उतरतो आणि बहुधा तिशीच्या आसपास डोकं वर काढतो. २०११मध्येच प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या लेन्का नोस्कोवा, स्टॅनिस्लाव्ह क्मॉख आणि सहकाऱ्यांना एका चेक कुटुंबात, आणि एकमेकांशी नातं नसलेल्या इतर काही कुटुंबांतही, दोष डीएनएजेसी५मध्ये आढळला. बदल दोनच प्रकारचे होते. एकात ११५व्या जागी ल्युसीनच्या ऐवजी आर्जिनीन आलेलं, दुसऱ्यात ११६व्या जागचं ल्युसीन गळलेलं. दोन्ही त्या सिस्टीनच्या ओळीच्या सुरुवातीजवळ, म्हणजे पुटिकेला धरून ठेवणाऱ्या भागातच. या बदलांमुळे प्रथिन पुटिकेवर नीट बसत नाही, एकमेकांना चिकटून गोळे होतात, आणि त्या गोळ्यांत चांगल्या प्रतीपासून बनलेलं सीएसपीसुद्धा अडकतं.

इथे उंदीर आणि माणूस यांचा मेळ एका जागी बसत नाही, आणि ते बरंच झालं. जनुकाची एकच प्रत असलेला उंदीर व्यवस्थित जगतो. म्हणजे एका चांगल्या प्रतीवर भागतं. रुग्णाकडेही एक चांगली प्रत असतेच, तरी तो आजारी पडतो. मग आजाराचं मूळ नुसत्या कमतरतेत नाही, बिघडलेली प्रत चांगलीलाही ओढून नेते यात आहे. माझ्या मते उपचाराची वाट इथूनच जायला हवी. बाहेरून जादा सीएसपी दिलं तर तेही गोळ्यांत जाण्याचा धोका. त्यापेक्षा बिघडलेल्या प्रतीचं तोंड बंद करता आलं, तर उरलेल्या एका प्रतीवर चेतासंधी चालू शकतात, हे उंदरांनी दाखवून ठेवलंय. अडचण एवढीच की चांगल्या आणि वाईट प्रतीतला फरक एका प्रकारात डीएनएच्या एका अक्षराचा आहे आणि दुसऱ्यात तीन अक्षरांचा. तेवढ्यावर नेम धरून शेजारच्या प्रतीला धक्का न लावणारं औषध हवं.

तोवर या कुटुंबांतल्या माणसांपुढे एक वेगळाच प्रश्न असतो. आई किंवा वडील बाधित असतील तर प्रत्येक मुलाला तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी. रक्ताच्या तपासणीत ते विशीतच कळू शकतं, लक्षणं दिसण्याच्या कितीतरी आधी, आणि कळल्यावर हातात आज औषध काही नाही. तपासणी करावी की नाही, हे ठरवायचा अधिकार त्या मुलाचा किंवा मुलीचाच, डॉक्टरांचा नाही आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचाही नाही. आपल्याकडे लग्न जमवताना ‘सगळं तपासून घ्या’ म्हणण्याची पद्धत वाढते आहे. ते म्हणणाऱ्यांना ही बाजू सांगायला हवी. त्याबद्दल कुणाला विचारायचं असेल तर आता प्रश्नोत्तरांच्या वेळात जरूर विचारा.